सरळ गेलं की होसकोटे

चहाचा कप अजून ओठाला लागला नाही तोवर पोटच्या मुलानं "आई, आज वार कोणता?" असं विचारावं, ही भागक्काच्या मते निव्वळ बेअदबी होती. एकदा विचारलं असतं तर तिनं सोडून दिलं असतं. पण महांतेश गेले तीन आठवडे रोज विचारत होता, आणि विचारताना तिच्या तोंडाकडं असा बघायचा, जसा कारखान्यात यंत्राच्या काट्याकडं बघत असेल. पहिल्या आठवड्यात तिनं सरळ उत्तरं दिली. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "तुझी दाढी वाढलीय, म्हणजे शनिवार." तिसऱ्या आठवड्यात तिनं सांगितलं, की ज्याला वार पाहिजे त्यानं कॅलेंडर बघावं, मी काही भिंतीला टांगलेली नाही.

महांतेशनं हे उत्तर मोबाइलमध्ये लिहून ठेवलं. त्यापुढं त्यानं 'चिडचिड वाढली' अशीही नोंद केली, हे तिला सुनेकडून कळलं. चिडचिड वाढावी म्हणून रोज कोण झटतंय, याची नोंद मात्र त्यात नव्हती.

असं व्हायला कारण घडलं होतं, हे भागक्का नाकारत नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की कारण एवढंसं आणि त्याचा बोभाटा केवढा.

चार वर्षांपूर्वी महांतेशनं देवनहळ्ळीच्या पलीकडं फ्लॅट घेतला. परवापरवापर्यंत तिथं द्राक्षांचे मांडव होते. आता चार मजल्यांच्या इमारती आणि डोक्यावरून जाणारी विमानं. त्याआधीची पंचेचाळीस वर्षं भागक्का बेंगळुरूच्या कापडबाजारात, चिकपेटच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहिली. निपाणीहून लग्न होऊन आली ती थेट त्याच सतरा पायऱ्या चढली. नव्या इमारतीत आल्यावर महिनाभर तिला करमेना. मग एका मंगळवारी ती बसमध्ये बसून एकटीच चिकपेटला गेली आणि शेजारणीच्या साडीवरचा ब्लाउजपीस घेऊन आली. तो साडीवर ठेवल्यावर कुठं साडी संपते आणि कुठं कापड सुरू होतं ते कळेना. त्या दिवसापासून चार मजल्यांच्या बायकांचा मंगळवार भागक्काच्या हातात आला.

तिची पद्धत वेगळी होती. ती साडीचा धागा नेत नसे. धागा नेला की दुकानदार धाग्याकडं बघतो, आपल्याकडं बघत नाही. फोटो तर मुळीच नाही. फोटोत रंग खोटं बोलतो. सोमवारी संध्याकाळी साडी खिडकीशी धरायची, एकदा उजेडात आणि एकदा सावलीत बघायची, आणि रंग डोळ्यांत घेऊन झोपायचं. असे सात-आठ रंग ती सहज नेत असे. शाळा तिसरीपर्यंतच झाली होती. बसचा नंबर ती चित्र ओळखावं तशी ओळखायची. पण पोपटी आणि कैरीचा हिरवा यांची गफलत तिच्याकडून आजवर झालेली नव्हती.

त्या मंगळवारी रंग अकरा होते. दहा मिळाले. अकरावा खालच्या मजल्यावरच्या गुरुदत्तअण्णांच्या बायकोच्या साडीचा होता. जांभळाच्या अलीकडचा आणि वांग्याच्या पलीकडचा. चार दुकानं झाली. पाचव्यातला माणूस "स्वल्प फरक आहे अक्का, चालेल" म्हणाला. भागक्का त्याला म्हणाली, की तुझ्या लग्नात नवरी स्वल्प वेगळी आली असती तर चालली असती का. मग ती बाहेर पडली. डोक्यात तो रंग. वळली, पुन्हा वळली, पायऱ्या चढली, कनवटीची किल्ली काढली आणि कुलपाला लावली. किल्ली फिरेना. तिनं कुलपाला दोन शब्द सुनावले आणि जोर लावला. किल्ली मोडली. तेव्हा दार आतून उघडलं. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली एक परकी बाई कन्नडमध्ये विचारत होती, कोण पाहिजे अज्जी?

पंचेचाळीस वर्षं ज्या दारातून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कोण पाहिजे' विचारत आली, त्याच दारात.

त्या बाईनं बसवलं, पाणी दिलं, भागक्काच्या फोनमधला नंबर शोधून महांतेशला कळवलं. महांतेश होसकोट्याच्या कारखान्यातून काम टाकून आला. भागक्कानं सांगितलं, की जुनं घर बघावंसं वाटलं म्हणून गेले होते. हे कुणालाही पटलं असतं. पण नव्या घराची अर्धी किल्ली जुन्या घराच्या कुलपात अडकली होती आणि कुलूपवाला ती चिमट्यानं ओढत होता. वर, मेहनतीच्या मानानं तुकडा बारका निघाला म्हणून तो निराश झाला होता.

एक गोष्ट मात्र तिनं कुणालाच सांगितली नाही. दार उघडल्यावर चार-पाच श्वास असे गेले, की आपलं घर कुठलं तेच तिला आठवेना. हे नाही, एवढं कळलं. मग कुठलं, ते कळेना. नंतर आठवलं. पण ते चार-पाच श्वास तिनं मनात खाली दडपून ठेवले होते.

बातमी इमारतीत पसरली. गुरुदत्तअण्णा बँकेतून निवृत्त झाल्यापासून ज्याला त्याला सल्ला देत. ते रोज संध्याकाळी येऊ लागले. आधी त्यांनी अक्रोड सांगितले. मग ब्राह्मीचं तेल. मग गच्चीवर उलटं चालणं. त्यानं मेंदूला रक्त जातं म्हणे. ते स्वतः दोन महिने उलटे चालत होते आणि पाण्याच्या टाकीला धडकून खांदा धरून बसले होते, त्याचा उल्लेख त्यांनी केला नाही. शेवटी म्हणाले, हे सगळं राहू द्या, अक्कांच्या गळ्यात नाव-पत्ता असलेलं कार्ड घाला, आमच्या बँकेत सगळ्यांच्या गळ्यात असायचं.

सून देवश्री पुण्याची. सल्ला मिळाला की अंमलबजावणी दुसऱ्या दिवशी, असा तिचा स्वभाव. तिनं निळ्या फितीचं, चकचकीत प्लास्टिकमधलं कार्ड आणलं. त्यावर नाव, फोन, रक्तगट. भागक्कानं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, यात माझं नाव कुठलं? देवश्रीनं बोट ठेवून दाखवलं. सगळं इंग्रजीत होतं.

"म्हणजे मी हरवले तर जगाला कळणार मी कोण," भागक्का म्हणाली, "मला सोडून."

देवश्रीला वाईट वाटलं. तिनं मराठीत दुसरं करून आणते म्हटलं. पण महांतेशला आता कार्डात रस नव्हता. तो इंजिनिअर. त्याला आकडा पाहिजे होता.

आकडा मिळायची सोय वरच्याच मजल्यावर होती. तिथं भाड्यानं राहणारा अभिराज शहरातल्या एका संशोधन संस्थेत शिकत होता. माणूस सवयीनं किती वागतो आणि ठरवून किती, आणि त्याच्या बुद्धीशी याचा काय संबंध, असा त्याचा विषय. भागक्कानं एकदा विचारलं होतं, यात शिकायचं काय एवढं. तो म्हणाला होता, पाच वर्षं लागतात आजी. तिला त्याची दया आली होती आणि तेव्हापासून ती त्याला आमटी द्यायची.

अभिराजनं परोपरीनं सांगितलं, की हा खेळ आहे, आजाराची तपासणी नव्हे. याच्यावरून एका माणसाबद्दल काही ठरवत नाहीत, शेकडो माणसांचं मिळून बघतात. महांतेशनं 'तपासणी' एवढाच शब्द ऐकला. भागक्का कबूल झाली, कारण अभिराजला सत्तरीच्या आसपासची माणसं मिळत नव्हती आणि त्याचा चेहरा उतरला होता.

संस्थेत पहिला अडथळा कागदाचा. बारा पानांचं संमतिपत्र एका बाईनं तिला वाचून दाखवलं, आणि प्रत्येक पानाच्या शेवटी समजलं का म्हणून विचारलं. नवव्या पानावर भागक्कानं विचारलं, तुम्हाला समजलं का? मग जन्मतारीख. बेंदूर झाल्यावर पाचव्या दिवशी, हे उत्तर कॉम्प्युटरला चालेना. मग शिक्षण. कॉम्प्युटरमध्ये दहावीच्या खाली काही नव्हतंच. दोन माणसं आली, त्यांनी तिसऱ्याला फोन लावला, अर्ध्या तासानं निर्णय झाला, 'इतर' लिहा. नवरा गेल्यावर एकटीनं उभं केलेलं घर, शिकवलेला इंजिनिअर, चार मजल्यांचे रंग, सगळं त्या 'इतर'मध्ये जाऊन बसलं. भागक्का काही बोलली नाही. ती बोलली नाही की महांतेश घाबरतो. त्यानं मोबाइल काढला, पण काय लिहावं ते त्याला सुचलं नाही.

खेळ सोपा होता. समोर पडदा, दोन बटणं. डावं बटण योग्य वेळी दाबलं की पेटीतून कडबोळ्यासारख्या कुरकुरीत कोडबळ्याची छोटी पुडी पडायची, उजवं दाबलं की चिक्कीची. तासभर ती खेळली आणि भराभर शिकली. मग तिला शेजारच्या खोलीत नेऊन कोडबळी खायला दिली. आणखी घ्या आजी, आणखी घ्या. एवढ्या आग्रहानं तिला माहेरीही कुणी वाढलं नव्हतं. "सरी, आता पुरे," म्हणेपर्यंत खाऊ घातलं आणि पुन्हा पडद्यासमोर बसवलं.

यातली मेख अभिराजनं नंतर सांगितली. कोडबळ्यानं पोट भरलंय, तेव्हा ठरवून वागणारा माणूस आता चिक्कीच्या बटणाकडं वळणार. ज्याचा हात सवयीनं चालतो तो कोडबळ्याचंच बटण दाबत राहणार.

भागक्कानं कोडबळ्याचं बटण आधीपेक्षा जोरात दाबलं.

अभिराज आकडा सांगायला तयार नव्हता. तसा नियमच होता. पण महांतेशनं त्याला जिन्यात गाठलं, लिफ्टमध्ये गाठलं, दुधाच्या पिशव्या घेताना गाठलं. शेवटी तो बोलून गेला, की सवयीकडं कल जास्त दिसतो, पण काका, याचा अर्थ... पुढचा अर्थ ऐकायला महांतेश थांबला नाही. घरी येऊन त्यानं बूट काढायच्या आधी जाहीर केलं, की यापुढं आई एकटी चिकपेटला जाणार नाही. आवाज चढवला नव्हता. कारखान्यात एखादं जुनं यंत्र बंद करताना काढत असेल तसा आवाज होता तो.

भागक्का भांडली असती. भांडणात ती आजवर कुणाला हरलेली नव्हती. पण ते चार-पाच श्वास आडवे आले. याचं खरं असलं तर?

पहिल्या मंगळवारी देवश्रीनं इमारतीतल्या बायकांचे ब्लाउजपीस मोबाइलवरून मागवले. पोपटी मागवला तो शेवाळी आला. गुरुदत्तअण्णांची बायको भाचीच्या लग्नात वांगी साडीवर विटकरी ब्लाउज घालून गेली आणि एका फोटोत आली नाही. दुसऱ्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता भागक्काचे पाय आपोआप चपलांत गेले. दाराशी पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिनं चपला काढल्या आणि पुन्हा जागेवर ठेवल्या. आपण चपला घातल्या त्या सवयीनं की ठरवून, आणि काढल्या त्या कशानं, असला प्रश्न तिला जन्मात पहिल्यांदा पडला. त्याबद्दल तिनं अभिराजला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी अभिराज आमटीचं पातेलं परत द्यायला आला. शिव्या दिल्या तरी तो माणूस उपाशी राहायला नको, म्हणून तिनं डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला. अभिराजनं हात घातला आणि थांबला.

"आजी, ही पुडी कुठली?"

"तुझ्याच पेटीतली. तेवीस आणल्या होत्या. वॉचमनला आठ दिल्या, जिना झाडणारीला सहा, बाकी डब्यात."

"पण तुमचं पोट भरलं होतं ना?"

"माझं भरलं होतं. वॉचमनचं कुठं भरलं होतं?"

अभिराज खुर्चीवर बसला. त्यानं विचारलं, की मग चिक्की का नाही आणली. भागक्काला त्याच्या पाच वर्षांची खरंच काळजी वाटायला लागली. चिक्की दोन दिवसांत मऊ पडते, ती म्हणाली, आणि गुरुदत्तअण्णांकडं एकाचेही दात धड नाहीत. कोडबळं महिनाभर टिकतं. ज्याला दात नाहीत त्यानं ते दुधात घालावं. एवढा विचार बटण दाबताना करायचाच असतो.

"आमच्या प्रयोगात," अभिराज हळू आवाजात म्हणाला, "माणूस मिळालेलं स्वतः खातो असं धरलंय."

"बायकांना विचारलं नसणार," भागक्का म्हणाली.

त्यानं हे त्याच्या मॅडमना सांगितलं. मॅडमनी फेरतपासणी ठरवली, यावेळी मिळालेलं जागच्या जागी खायचं. महांतेशला तो म्हणाला, की तो आकडा विसरा. पण एकदा मिळालेला आकडा विसरणं इंजिनिअरला जमत नाही. तो म्हणाला, बघू या रविवारी काय निघतं, तोवर मंगळवार बंद.

रविवारी सकाळी सातला गाडी निघाली. महांतेश चालवत होता, शेजारी भागक्का, मागं मोबाइलमध्ये मान घातलेली देवश्री. भागक्कानं नवी इरकल नेसली होती. निळ्या फितीचं कार्ड देवश्रीनं आठवणीनं तिच्या गळ्यात घातलं होतं. आज तिनं तेही घालू दिलं. रात्री तिला नीट झोप लागली नव्हती. आज डब्यात न्यायला काही नाही. आज सगळं डोक्यावर होतं. आणि डोक्याचा तिला आता पूर्वीसारखा भरवसा नव्हता.

महांतेश बोलत होता. रात्री तोही झोपला नव्हता, हे तिला त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. आई, तिथं घाई करू नको. आई, लक्ष एका ठिकाणी ठेव. आई, तुझं मन भलतीकडं जातं आणि पाय भलतीकडं. तेवढ्यात देवनहळ्ळीचा नाका आला. उजवीकडं बेंगळुरू, सरळ गेलं की होसकोटे.

गाडी सरळ गेली.

भागक्काला आधी वाटलं, पेट्रोल भरायचं असेल. पंप मागं पडला. मग वाटलं, हा रस्ता नवा काढला असेल. एका बाजूला चक्कोत्याची, म्हणजे पपनसाची झाडं, मग दगडाच्या खाणी. या रस्त्यानं ती एकदाच गेली होती, कारखान्यातल्या आयुधपूजेला. तिनं तोंड उघडलं. "आणि मुख्य म्हणजे, आई," महांतेश म्हणाला, "आपण कुठं चाललोय याचं भान पाहिजे." तिनं तोंड मिटलं.

आता ती ठरवून गप्प बसली. तासभर ती बाहेर बघत राहिली आणि महांतेश भानाबद्दल बोलत राहिला. वळणावर त्याचा हात आपोआप फिरत होता, खड्डा यायच्या आधी गाडी हळू होत होती. एवढ्या सफाईनं तो शहरात कधी चालवत नसे. देवश्रीनं मध्येच मान वर करून "आज ट्रॅफिक किती कमी आहे ना" म्हटलं आणि पुन्हा खाली घातली.

कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं सलाम ठोकला आणि दांडा वर केला. महांतेशनं गाडी शेडखाली, पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये लावली. इंजिन बंद केलं. आरशाला अडकवलेलं ओळखपत्र काढून गळ्यात घातलं. त्याचीही फीत निळीच होती. मग त्यानं दार उघडलं, एक पाय खाली ठेवला, आणि समोरच्या रिकाम्या शेडकडं बघत तसाच राहिला.

मागून देवश्री म्हणाली, "अहो, हे कुठं आलो आपण?"

भागक्का महांतेशकडं बघत होती. तासभर तिनं या क्षणासाठी एकाहून एक बोलणी जुळवून ठेवली होती. गुरुदत्तअण्णा, उलटं चालणं, आकडा, सगळं त्यात होतं. पण मुलाचा चेहरा बघून तिला त्यातलं एकही बाहेर काढवेना. हे नाही, एवढं त्याला कळलं होतं. मग कुठं, ते अजून यायचं होतं. त्या दारात आपला चेहरा असाच झाला असणार. तो बघायला तेव्हा आपलं कुणी नव्हतं. तिनं श्वास मोजले. पाच झाले.

"आई," तो म्हणाला, "उजवीकडं वळायचं होतं."

"हं."

"तुला कळलं होतं?"

"खाणी लागल्या तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

भागक्कानं गळ्यातलं कार्ड काढलं, निळी फीत नीट गुंडाळली आणि त्याच्या हातात ठेवलं. मग त्याला म्हणाली, "आज वार कोणता, महांतेश?"

"रविवार," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"बरोबर. मग ऐक. त्या दिवशी मी खोटं बोलले. जुनं घर बघायला गेले नव्हते. पायच घेऊन गेले. दार उघडल्यावर पाच श्वास मला माझं घर आठवलं नाही. मीही घाबरले होते, तुझ्याइतकीच. पण आज तुला बघितलं. माझ्या डोक्यात अकरा रंग होते, तुझ्या डोक्यात मी होते. डोकं असं भरलं की पाय जुन्या वाटेनं जातात. त्यात तुझं डोकं गेलेलं नाही आणि माझंही गेलेलं नाही. चुकलं हे आपलं आपल्याला कळलं, तेवढं पुरे. न कळायला लागलं तर मीच तुला सांगेन. आता त्या पोराच्या पेटीसमोर मी बसते, त्याची पाच वर्षं वाया जायला नकोत. पण मंगळवारी मी चिकपेटला जाणार, एकटी. तू मला बसस्टॉपवर सोडायचं. आणि बसस्टॉप आपल्या गल्लीच्या तोंडाशी आहे, महांतेश, होसकोट्यात नाही."